आधी जोडी वेगळी करा, अंड्यांचं नंतर बघू

सकाळी ॲक्सोलॉटलच्या (पाण्यातच राहणाऱ्या, कल्लेवाल्या उभयचराच्या) टँकचा दिवा लावला तर पानापानांवर अंडी, आणि दुकानदाराने मात्र दोन्ही माद्या म्हणून दिलेल्या. तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. अगदी असंच माझ्याकडे पुण्यात झालं होतं.

अंडी कशी ठेवायची, हे तुम्ही विचारलंय. पण ते दोघं अजून एकाच टँकमध्ये आहेत, असंही लिहिलंय. नेमकी हीच चूक मी केली. टँकमधल्या ॲनुबियास या पाणवनस्पतीची पानं उचलून अंडी बघत बसायचे. भिजवलेल्या सब्जासारखा पारदर्शक मणी, मध्ये काळा ठिपका. चार-पाच दिवसांत तो ठिपका लांबट होतो, वाकतो. मी त्यातच गुंगले आणि नर तिथेच राहिला. पाच आठवड्यांनी माझ्या मादीने, जाईने, पुन्हा अंडी घातली, मग तिसऱ्यांदा. एका खेपेला शंभरापासून हजारापर्यंत अंडी होतात. मादीच्या अंगातलं किती जात असेल, विचार करा. तिने गांडूळ खाणं सोडलं, लाल कल्ले फिके पडले आणि दोन महिन्यांत ती गेली. ज्या दवाखान्यात नेलं तिथे "आम्ही मासे बघत नाही" म्हणून दारातूनच परत पाठवलं. तो मासा नाही, उभयचर आहे, हेसुद्धा ऐकून घेतलं नाही. अजून राग जात नाही.

म्हणून आजच नर दुसऱ्या टबात हलवा. क्लोरीन काढलेलं गार पाणी, रोज बदलायचं. मादीला निदान सहा महिने विश्रांती द्या.

आता अंडी. मी डॉक्टर नाही, हा माझा अनुभव आहे. एकाच दुकानातून एकदम घेतलेली जोडी बहुतेक भावंडंच असते, तेव्हा अंडी वाढवू नका असंच मी म्हणेन. पहिल्या दोन-चार दिवसांत जुन्या एटीएम कार्डाने खरवडून फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवा, मग कचऱ्यात. जीव तुटतो, मान्य आहे. पण पिल्लं दोन-तीन आठवड्यांत बाहेर येतात आणि त्यांना हलणारंच अन्न लागतं. रोज ताजं आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) उबवायचं, दोन वेळा घालायचं. पुढचे पाय फुटले की एकमेकांचे पाय तोडतात. मग प्रत्येकाला वेगळं ठेवायला शेकडो डबे कुठे ठेवणार? ठेवायचीच असतील तर दहा-बारा ठेवा, तीही भावंडं नाहीत याची खात्री असेल तरच.

नदी-नाल्यात मात्र काहीही सोडू नका. हा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या गार पाण्याचा प्राणी आहे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तडफडून मरेल. जगलाच तर इथल्या बेडकांचं काय?

आणखी एक: हा साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतला प्राणी. 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, पिल्लं झाली तर त्यांचीही. दुकानदार हे सांगत नाहीत. पिल्लं विकायचा विचार असेल तर आधी हे नीट वाचा.

वीज गेली की चिलर (पाणी गार ठेवणारं यंत्र) बंद, म्हणून बर्फाच्या दोन बाटल्या कायम फ्रीजरमध्ये असू द्या. पाणी 16 ते 18 अंशांवर राहिलं पाहिजे.

नर वेगळा केलात का, तेवढं आज रात्री कळवा. मादी खाते आहे का, तेही लिहा.