इथेनॉलमुळे मक्याचा भाव वाढतो, तर मग हमीभाव का मिळत नाही?

वाढतो. पण सरकारच्या धोरणात बसेल तेवढाच, आणि आपण ट्रॅक्टर भरून बाजार समितीत नेतो त्याच दिवशी वाढलेला असेल असं नाही.

तुम्ही विचारलंय की पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालतात, त्याला मका लागतो, तरी २०२५ च्या खरिपात २,४०० रुपये हमीभावाचा मका एवढा खाली का गेला, आणि रब्बीत मका लावावा का. मी जळगाव जिल्ह्यात मका पिकवतो आणि हंगामात एका आडत दुकानाचा हिशेब लिहितो, म्हणून दोन्ही बाजू थोड्याफार दिसतात.

भाऊ, आधी इथेनॉल कारखान्याचा हिशेब बघा. एक क्विंटल मक्यातून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघतं. तेल कंपन्यांनी २०२४ च्या जानेवारीत त्याचा दर लिटरला ७१.८६ रुपये केला. म्हणजे झाले २,७३० रुपये. वर तीसेक किलो चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. तो पशुखाद्यात जातो. त्याचे चार-साडेचारशे धरा. आता यातून कोळसा, एन्झाइम, मजुरी, बँकेचं व्याज, ट्रकभाडं आणि मालकाचा नफा काढा. उरेल तेवढंच तो मक्याला देऊ शकतो. लिलावात मका कितीही चढला तरी त्याच्या इथेनॉलला लिटरमागे पैसासुद्धा वाढवून मिळत नाही. एका मर्यादेनंतर तो सरळ खरेदी थांबवतो.

अमेरिकेशी तुलना करणारे इथेच चुकतात. तिथे २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी इंधनात किती इथेनॉल मिसळायचं ते ठरवलं, भाव मात्र बाजारावर सोडला. आज तिथला जवळपास ४० टक्के मका त्यात जातो. २००७ च्या जानेवारीत मेक्सिकोत मक्याची टॉर्टिया महागली म्हणून लोक रस्त्यावर आले, त्यात या मागणीचा वाटा होता (एकट्या तिचाच नव्हे). आपल्याकडे मिश्रणाचं प्रमाणही ठरलेलं आणि इथेनॉलचा दरही ठरलेला. मग खरी सूत्रं कच्चा माल कोणता वापरू द्यायचा, या निर्णयात असतात.

हे दोन वर्षांत स्पष्ट दिसलं. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने बंधन घातलं. त्याआधी जुलैत भारतीय अन्न महामंडळाचा, म्हणजे सरकारी गोदामातला तांदूळही इथेनॉलला देणं बंद केलं होतं. राहिला मका. म्हणून तर तो ७१.८६ चा दर आला, आणि २०२४ मध्ये मका हमीभावाच्या वर विकला गेला. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांना खाद्य महाग झालं, दोंडाईच्यासारख्या ठिकाणच्या स्टार्चवाल्यांनाही त्याच मक्यासाठी जास्त मोजावे लागले. मका निर्यात करणारा आपला देश म्यानमार आणि युक्रेनचा मका आणू लागला.

मग गिअर बदलला. २०२४-२५ साठी महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलला मोकळा केला, क्विंटलला २,२५० रुपयांनी. तांदळाच्या इथेनॉलला दर कमी आहे, पण क्विंटलमागे लिटर जास्त निघतात, माल वाळलेला असतो आणि भाव आधीच माहीत असतो. कारखानदार तिकडे वळला तर त्याला काय नावं ठेवणार? इकडे आदल्या वर्षीचा भाव बघून देशभर मक्याचा पेरा वाढला. आपल्या खान्देशातही बोंडअळी आणि वेचणीच्या मजुरीला कंटाळून कित्येकांनी कापूस सोडून मका धरला. आवक एकदम आली. कर्नाटकात भाव १,६००-१,८०० वर आल्यावर मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. आपल्याकडे आणखी भर ओलाव्याची: हमीभावाला ओलावा १४ टक्क्यांपर्यंतच चालतो आणि खरिपाचा मका पावसातून थेट लिलावात येतो. व्यापारी मूठभर दाणे दाबून बघतो आणि बोली तिथूनच खाली सुरू होते.

एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही, ती डीडीजीएसची. हा चोथा सोयाबीनच्या पेंडीची जागा घेतो. पेंड स्वस्त झाली की सोयाबीनला मार बसतो. २०२४ च्या खरिपात ४,८९२ हमीभावाचं सोयाबीन चार हजारांच्या आसपास गेलं, त्याचं हेही एक कारण. एकाच इथेनॉलने शेजाऱ्याच्या मक्याचा भाव उचलला आणि आपल्या सोयाबीनचा पाडला, असं होऊ शकतं. खाद्यतेलाचं उलटं आहे: इंडोनेशियाने २०२५ मध्ये डिझेलमध्ये ४० टक्के पामतेलाचं बायोडिझेल घालायला सुरुवात केली; असं झालं की तिथून येणारं पामतेल महागतं आणि झळ आपल्या फोडणीला लागते.

राहिला रब्बीचा प्रश्न. रब्बीचा मका उन्हात कणसावरच वाळतो, ओलाव्याची कटकट जवळजवळ नसते, म्हणून तो खरिपापेक्षा बरा. पण इथेनॉलच्या भरवशावर पेरा वाढवू नका. नोव्हेंबरला इथेनॉलचं नवं वर्ष लागतं; त्याच्या आगेमागे तांदूळ किती आणि कितीने सोडला, उसाच्या रसाला मुभा दिली का, एवढ्या दोन बातम्या बघा. तांदूळ स्वस्त आणि भरपूर असेल तर पाणी कमी लागणारा हरभरा धरा. मी अर्ध्या रानात हरभराच घेतोय. बाकी अर्ध्यात मका आहे, तो गोठ्यातल्या म्हशींना चारा लागतो म्हणून.