लेबलवर जाऊ नका, ओठांकडे बघा

जुन्या मैफलीचं चित्रण बघून गाण्याचे शब्द पडताळायचेत? मग ते शोधताना नुसतं बँडचं नाव टाकू नका. शहर, सभागृह, तारीख टाका. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकी रॉक बँडचा १९८० साली लंडनच्या 'रॉयल अल्बर्ट हॉल'चा म्हणून विकलेला अल्बम निघाला अमेरिकेतल्या ओकलंडचा, ३१ जानेवारी १९७०चा! लंडनचं खरं चित्रण आलं २०२२मध्ये. सूर चढा वाटला तर युरोपीय टीव्हीची प्रत असेल. सेकंदाला २४ फ्रेमची फिल्म २५ने चालवली की वेग सुमारे ४ टक्के वाढतो, सूरही चढतो.

शब्दांसाठी आधी स्टुडिओ आवृत्ती हेडफोनवर, पाऊणपट वेगाने ऐका. याच बँडच्या 'बॅड मून रायझिंग' गाण्यात 'बॅड मून'चं 'बाथरूम' ऐकू येतंच. मग क्लोजअप पाहा: 'मून'च्या सुरुवातीला ओठ मिटतात, 'रूम'च्या नाही. मात्र चित्रण जुनंच घ्या, कारण नंतर बँडचा गायक जॉन फॉगर्टी स्वतःच मंचावर गमतीने कधीकधी 'बाथरूम' गायला लागला.