पासष्ट इंच, बारा हप्ते आणि थांबवलेली एसआयपी

डोंबिवलीच्या एका वाचकांनी विचारलंय: हातात पगार ६८ हजार. घराचा हप्ता २४ हजार, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी रक्कम) ५ हजार, अडीअडचणीसाठी एफडीत ९० हजार, दिवाळीला तीस हजारांचा बोनस. दसऱ्याला ६५ इंची टीव्ही घ्यायचाय. किंमत ७८ हजार, साडेसहा हजारांचे १२ हप्ते, ‘नो-कॉस्ट’ म्हणजे म्हणे बिनव्याजी. वर्षभर एसआयपी बंद ठेवली की हप्त्याची सोय होते. जीएसटीही कमी झालाय, मग आत्ताच घेतलेला बरा ना? बायको म्हणते ४३ इंची पुरे. आई संध्याकाळी सात ते दहा मालिका बघते.

आधी जीएसटीचं उरकू. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरं. पण तो कराचा दर आहे, दसऱ्याची सूट नव्हे. सोनं लुटून झालं की दुसऱ्या दिवशी तो परत चढत नाही. घाईचं हे कारण खोडून टाका.

आता ‘नो-कॉस्ट’. तुमच्याच पत्रात शेवटी सहज लिहिलंय की रोख दिले तर दुकानदार ७३ हजारांना द्यायला तयार आहे. म्हणजे हप्ते घेतले की पाच हजार तिथेच गेले. पुढे, बँक व्याज सोडत नसते. तुमच्या कार्डावर ती १६ टक्के लावते. ७८ हजारांतले साधारण ६,३६० रुपये व्याजाचे, तेवढी सूट दुकानाने आधी देऊन बिल ७१,६४० चं दाखवायचं आणि बँकेने हप्त्यांतून ७८ हजार वसूल करायचे, असा हा खेळ. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या माथी: साधारण १,१४५ रुपये. प्रोसेसिंग फी कराधरून २३५. वरचे पाच हजार धरून रोखीपेक्षा एकूण जवळपास ६,४०० रुपये जास्त, म्हणजे वर्षाला १६ टक्क्यांच्या आसपासचं कर्ज. फुकट काही नाही.

एसआयपीबद्दल मी तुम्हाला ‘हे साठ हजार पंधरा वर्षांनी किती झाले असते’ हा हिशेब दाखवणार नाही. त्या हिशेबाने माणसाने वडापावही खाऊ नये. माझी भीती वेगळी आहे. तीन महिने थांबवलेली एसआयपी लोक सुरू करतात. वर्षभर थांबवलेली सहसा विसरतात, कारण तोवर ते पाच हजार घरखर्चात मुरलेले असतात. आणि एफडीला हात लावायचा विचार असेल तर नको. घराचा हप्ता धरून तुमचा महिन्याचा खर्च साठ हजारांच्या घरात जातो. ९० हजार म्हणजे जेमतेम दीड महिना.

मग कोणता घ्यायचा? हॉल दहा बाय चौदा, सोफा लांब भिंतीला, म्हणजे डोळ्यांपासून पडदा आठ फूट. ढोबळ हिशेब असा की पडद्याच्या तिरक्या मापाच्या दीडपट अंतर असावं. ५५ इंचीला सात फूट, ६५ला आठ फुटांच्या थोडं वर. प्रामाणिकपणे सांगायचं तर तुमचा ६५ मापात ओढूनताणून बसतो. पण आईंची मालिका केबलच्या साध्या चॅनेलवर चालते. तिथे चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे बरोब्बर वीसपट. एक ठिपका वीस जागी पसरायचा. जितका पडदा मोठा तितके चेहरे साबणाने धुतल्यासारखे. आईंच्या चॅनेलांचा एचडी पॅक आधी घ्या. ४३ इंची आठ फुटांवरून त्यांच्या डोळ्यांना लहान पडेल, त्यामुळे वहिनींशीही मी पूर्ण सहमत नाही.

एक करून बघा. जुनी वर्तमानपत्रं जोडून १२२ बाय ६८ सेंटिमीटरचा कागद भिंतीला चिकटवा, हा ५५ इंची. शेजारी १४४ बाय ८१चा, तो ६५. आठवडाभर राहू द्या. बाल्कनीचं ऊन कोणत्या कागदावर किती वाजता येतं, तेही कळेल.

माझं मत: ५५ इंची. त्याच दुकानात तो रोखीने ४९ हजारांना आहे, असं तुम्हीच लिहिलंय. दिवाळीचा तीस हजारांचा बोनस वेगळा ठेवा. हप्त्याचे म्हणून जे साडेसहा हजार काढणार होतात, ते तीन महिने स्वतःच्याच खात्यात भरा. एसआयपी तीनच महिने थांबवा. थांबवतानाच पुन्हा सुरू व्हायची तारीख अर्जात टाका. जानेवारीच्या सेलपर्यंत ४९,५०० हातात. दसऱ्याला टीव्ही येणार नाही, हे आईंना तुम्हीच सांगा.

बसवायला येणारा मुलगा टीव्ही सवयीने उंच ठोकतो. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य हवा, जमिनीपासून साधारण साडेतीन फूट. भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकची) असेल तर साध्या रावळप्लगवर भरवसा ठेवू नका, त्या ब्लॉकचे वेगळे फास्टनर मिळतात. स्टँडचे पैसे बहुधा वेगळे लागतील, ते आधी विचारा. पहिल्यांदा सुरू करताना टीव्हीने ‘घर की दुकान’ विचारलं तर घर निवडा, नाहीतर रंग डोळ्यांत घुसतात.

जुना ३२ इंची एक्स्चेंजमध्ये दीड हजाराला देऊ नका. कऱ्हाडला वडिलांच्या खोलीत लावा, डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नसतं.