आईला डेंग्यू असताना जन्मलेलं बाळ: धोका कधी टळला म्हणायचा?

तुमच्या बहिणीला प्रसूतीच्या दोन दिवस आधी ताप आला, डेंग्यूची एनएस१ ही रक्ततपासणी (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी) पॉझिटिव्ह निघाली. बाळ आज दोन दिवसांचं आणि ठणठणीत आहे, तर धोका टळला का आणि अंगावर पाजायचं का, असं तुम्ही विचारलंय. पाजायचं, नक्की पाजायचं. धोका टळला असं मात्र आज म्हणता येणार नाही.

आईच्या रक्तात विषाणू असतानाच बाळंतपण झालं, तर तो बाळाच्या रक्तात जाऊ शकतो. ताप दोन महिन्यांपूर्वी येऊन गेला असता तर मी एवढं सांगितलं नसतं, कारण तोवर आईच्या रक्तातला विषाणू संपलेला असतो आणि तिच्या अँटीबॉडीज (विषाणूशी लढणारी प्रथिनं) नाळेतून बाळाला मिळालेल्या असतात. इथे त्या तयार व्हायलाच वेळ मिळाला नाही. सगळ्याच बाळांना लागण होत नाही. पण झाली तर लक्षणं पहिल्या ते अकराव्या दिवसात केव्हाही दिसतात, बरेचदा चौथ्या दिवसाच्या आसपास. म्हणजे नेमकी डिस्चार्ज घेऊन घरी गेल्यावर! म्हणून बालरोगतज्ज्ञांना आईचा रिपोर्ट दाखवा, घाईने घरी नेऊ नका आणि बाळाची सीबीसी (रक्तातल्या पेशी आणि प्लेटलेट्स मोजणारी तपासणी) कधी-कधी करायची ते ठरवून घ्या.

प्लेटलेट्स १.५ लाखांच्या खाली जाऊ लागल्या की सावध व्हायचं. बाळाची एनएस१ किंवा पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) पहिल्या दिवशी निगेटिव्ह आली तरी ताप आल्यावर ती पुन्हा करावी लागते. अँटीबॉडीजचे दोन प्रकार तपासतात, आयजीजी आणि आयजीएम. आयजीजी पॉझिटिव्ह आल्याने घाबरू नका, ते आईकडून आलेलं असू शकतं. आयजीएम नाळ ओलांडत नाही, त्यामुळे ते सापडलं तर बाळाला लागण झाल्याची शंका पक्की होते.

घरी काखेत थर्मामीटर लावा. ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, दूध ओढायचं कमी होणं, सुस्ती, पोट फुगणं, टाचेला सुई टोचलेल्या जागी रक्त झिरपत राहणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. अंगावरचं पुरळ बोटाने दाबून बघा: साधं पुरळ क्षणभर फिकं पडतं, रक्तस्रावाचा ठिपका लालच राहतो. पॅरासिटामॉल मनाने देऊ नका, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन तर मुळीच नाही.

जिवाणूंच्या संसर्गातही हीच लक्षणं दिसतात. त्यामुळे ब्लड कल्चरचा (रक्तात जिवाणू वाढतात का ते बघणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं तर ते बरोबरच आहे. डेंग्यूवर स्वतंत्र औषध नाही. बाळाला जपून मोजून सलाइन, सतत देखरेख, आणि रक्तस्राव असेल किंवा प्लेटलेट्स फारच खाली गेल्या तर त्या चढवणं, एवढंच. नुसता आकडा थोडा घसरला म्हणून प्लेटलेट्स चढवायचा आग्रह धरू नका.

बहिणीकडेही तेवढंच लक्ष द्या. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस तिच्यासाठी सर्वांत नाजूक, आणि ओल्या बाळंतिणीला अंगावरून जास्त रक्त जाऊ लागलं तर ते नेहमीचं समजून थांबायचं नाही. दोघांना दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, कारण हा डास दिवसा चावतो. दोन महिन्यांखालच्या बाळाला डास पळवणारी क्रीम लावायची नाही.