आधी टेबलाची मांडणी बदल

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील एक वाक्य मला फार खटकले आहे, म्हणून बाकीची विचारपूस बाजूला ठेवून थेट त्यावरच लिहिते. 'काकू, मी अजून सराव करीन, हात सुधारून घेईन,' असे तू लिहितोस. औषधांच्या घाऊक दुकानातून तुला काढले, कारण वरच्या फळीवरची खोकी उतरवता उतरवता कानाशी फोन धरून ऑर्डर ऐकायची होती आणि ही दोन्ही कामे तुला एकदम करता येत नव्हती. त्याआधी सराफी पेढीवर कानातल्यांच्या फिरक्या हातातून निसटत होत्या. दोन्हीकडे हिशेब तुझा चोख होता, हे तूच लिहिले आहेस. मग सुधारायचे काय आहे? हात बदलायला जाऊ नकोस, मांडणी बदल.

तुझ्या अहवालात डिस्प्रॅक्सिया हा शब्द आहे. शाळकरी वयाच्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांमध्ये ही अडचण आढळते आणि त्यांतील पुष्कळांच्या बाबतीत ती मोठेपणीही राहते. यात स्नायूंचे बळ कमी नसते, बुद्धीही कमी नसते. हालचालीची आखणी करून ती ठरल्या क्रमाने पार पाडण्याचे काम तुझ्यामाझ्याकडे इतरांसारखे आपोआप होत नाही, त्यामुळे जे त्यांना न बघता जमते त्यासाठी आपले सगळे लक्ष खर्ची पडते आणि दुपार कलेपर्यंत माणूस गळून जातो. एखादे ठराविक काम एकाच जागी, एकाच क्रमाने करत राहिले तर ते हळूहळू अंगवळणी पडते, हे मी नाकारत नाही. परंतु घाई, गोंगाट आणि एका वेळी दोन कामे असतील, तर नुसता सराव पुरा पडत नाही.

मी जळगावच्या एमआयडीसीतील एका डाळमिलमध्ये माल रवानगीच्या टेबलावर आयुष्य काढले. तुरीचा हंगाम आला की दारात ट्रक रांगेने उभे राहत, चालक खिडकीशी घाई करत, काट्यावरचे भाऊ ओरडून वजन सांगत आणि माझ्यासमोर तीन प्रतींचे चालान बुक असे. ऐकणे आणि लिहिणे मला एकदम होत नसे. गोण्यांचा आकडा वजनाच्या रकान्यात जाई, कार्बन सरके आणि तिसऱ्या प्रतीवर ओळ खाली उतरलेली असे. मी एका जाड पुठ्ठ्याला चालानाच्या एका ओळीएवढी खिडकी कापली आणि तो पुठ्ठा कार्बनसकट मोठ्या चिमट्याने आवळून ठेवू लागले, म्हणजे लिहिताना डोळ्यांसमोर ती एकच ओळ राही. काट्यावरच्या भाऊंना सांगितले की वजन ओरडू नका, पाटीवर लिहा आणि पाटी माझ्याकडे पाठवा. टेबल भिंतीकडे वळवून घेतले. मुनीमजींना हे सगळे नखरे वाटले आणि त्यांनी ते चारचौघांत बोलूनही दाखवले. पाटी आल्याशिवाय चालान फाडणार नाही, एवढेच मी म्हणाले आणि बसून राहिले. पाटी आली.

पुढे रोखपालाची जागा रिकामी झाली, पगार बराच चांगला होता आणि मी ती घेतली नाही. नात्यातले लोक आजही ते काढतात. नोटा मोजायच्या, समोरच्याशी बोलायचे आणि गल्ल्यावर नजर ठेवायची, हे तिथे एकाच वेळी करायचे होते. नोटा मोजण्याचे यंत्र आणि वेगळी खिडकी मी मागितली होती, त्या मागणीला नकार मिळाला. मांडणी मिळाली नाही म्हणून जागा घेतली नाही, यात भित्रेपणा कुठे आहे? गल्ल्यात कमी पडलेले पैसे दर महिन्याला माझ्याच पगारातून गेले असते आणि वर्षाच्या आत मी घरी बसले असते. धाकट्याच्या शिक्षणाच्या वेळी त्या वाढीव पगाराची उणीव मला फार जाणवली, अजूनही जाणवते. तरीही मी तेच केले असते.

हळहळ आहे ती वेगळ्याच गोष्टीची. कळण्याची भाकरी माझ्या हातून कधी अखंड तव्यावर पडली नाही आणि मी मुद्दाम अंगचोरपणा करते असे समजतच माझी आई गेली. या गोष्टीला नाव आहे हे मला निवृत्तीच्या सुमारास कळले. तुला ते पंचविशीच्या आत कळले आहे आणि तरी तू पुन्हा सरावाच्या गोष्टी करतोस, याचा मला राग येतो. नोकरीचा नाद सोडून यावलला केळीच्या बागेत वडिलांना मदत करीन, हेही तू रागाच्या भरात लिहिले आहेस. घड उतरवायला हातांचा मेळ तितकाच नीट बसावा लागतो, तेव्हा मांडणीचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

आता कायद्याचे सांगते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या अनुसूचीत विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये डिस्प्रॅक्सियाचा नावाने उल्लेख आहे. सरकारी आस्थापनेने वाजवी सोयी देणे त्या कायद्याने बंधनकारक आहे आणि समान संधीचे धोरण खासगी आस्थापनेलाही जाहीर करावे लागते. सरकारी नोकरीतील राखीव जागांसाठी मात्र किमान ४० टक्के अक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. ते तुला मिळेलच असे धरून वर्षे घालवू नकोस, पण सरकारी रुग्णालयात तपासणी करून घे. स्पर्धा परीक्षेत लिहिण्याचा वेग आड येत असेल, तर हेही लक्षात ठेव की हाताच्या विकाराने लिहिता न येणाऱ्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट न लावता लेखनिक मिळाला पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आहे.

चटईच्या कारखान्यात बिलांच्या कामासाठी तुझी निवड जवळजवळ ठरली आहे आणि तू विचारतोस, सांगू की लपवू. निवडीचे पत्र हातात पडल्यावर आणि रुजू होण्यापूर्वी सांग, तेही लेखी. निदानाचे नाव शेवटी येऊ दे. आधी मांडणी माग: 'मला कामाच्या सूचना तोंडी न देता व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर द्याव्यात. बिले भरत असताना फोन घेण्याचे काम माझ्याकडे नसावे. नवीन काम पहिल्यांदा दाखवताना सावकाश, एकाच क्रमाने दाखवावे.' एवढे पुरे आहे. तुझ्या मसुद्यात 'माझ्यामुळे त्रास झाल्यास क्षमा असावी' हे वाक्य दोनदा आले आहे, दोन्ही ठिकाणी काढून टाक. दुचाकीबद्दल विचारले तर चालवत नाही असे सरळ सांग. मीही कधी चालवली नाही, रिक्षाने आणि बसने कामावर जात राहिले आणि माझी हजेरी कुणापेक्षा कमी भरली नाही.

त्यांनी या तीनही गोष्टींना नकार दिला, तर ती जागा घेऊ नकोस. दोन मान्य केल्या तर घे आणि तिसरी काम दाखवून महिनाभराने पुन्हा माग. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी तिथे जाऊन बसण्याची जागा पाहून ये. टेबल दाराजवळ, ये-जा करणाऱ्यांचा धक्का लागेल असे असेल, तर ते तेव्हाच हलवून घे.

तुझी,
काकू