"मॅडम, मी त काहीच खात नाही!"

"मी त काहीच खात नाही जी, मंग वजन काहून उतरत नाही?" यवतमाळकडच्या खेड्यांतून येणाऱ्या बायांच्या तोंडून हा प्रश्न सतत येतो. घरचे म्हणतात, खोटं बोलते. नाही, ती खोटं बोलत नसते. हे धरूनच तिच्या खाण्याचा खरा हिशेब काढायचं काम करावं लागतं. अशा अनेक भेटींचं सार इथे एका काकूंच्या रूपात सांगते आहे.

काकू पन्नाशीच्या, वजन ६२ किलो, शुगरच्या गोळ्या चालू. वर्षभरात वजन जागचं हललेलं नाही. पहिल्या भेटीत सून शेजारी बसली होती. काकूंनी सांगितलं, "सकाळी चहा, दुपारी दोन भाकरी अन् भाजी, राती एक भाकर, वरण-भात. बस." कोणत्या पदार्थात किती ऊर्जा ते देणाऱ्या तक्त्यावरून दिवसाचा हिशेब आला १०५० किलोकॅलरी. एवढ्या वजनाचं शरीर नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला साधारण १३०० जाळतं. आहारतज्ज्ञ सांगितलेल्या खाण्याला या आकड्याने भागतात. वजन स्थिर असताना उत्तर १.३५ च्या खाली आलं, तर काहीतरी सांगायचं राहिलंय असं समजतात. काकूंचं उत्तर ०.८ आलं.

हे फक्त आपल्याकडच्या बायांचं नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये, कितीही कमी खाल्लं तरी वजन घटत नाही म्हणणाऱ्यांची तपासणी झाली. त्यांना खास पाणी पाजलं. त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन जड, म्हणजे ओळखू येणारे. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे जातो. ऑक्सिजन पाण्यावाटे आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. लघवी तपासून दोघांच्या जाण्यातला फरक काढला की किती कार्बन डायऑक्साइड निघाला ते कळतं, आणि त्यावरून शरीराने किती ऊर्जा जाळली ते. त्या लोकांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं. ही तपासणी महागडी आहे, खेड्यात होणारी नाही. पण खेड्यात तेलाचा डबा असतो, आणि तो पुष्कळ खरं सांगतो.

दुसऱ्या भेटीत सुनेला बाहेर बसवलं. 'जेवण' हा शब्दच काढला नाही. दिवसाच्या कामांवरून विचारत गेले. उठल्यावर आधी काय केलं? वावरात कोणासंगं बसल्या? बाजारातून आल्यावर? एकेक चहा निघत पाच चहा झाले, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे ५० ग्रॅम, २०० किलोकॅलरी. नातवाच्या ताटातलं उरलेलं कोण खातं, असं विचारलं तर काकू म्हणाल्या, "ते काय खाणं झालं जी? ते त उष्टं हाय, टाकून कसं द्यावं?" आणि गुरुवारचा उपवास? "त्या दिवशी काहीच नाही. निस्ती उसळ." साबुदाणा, तूप, शेंगदाण्याचं कूट, सगळं त्या 'निस्ती'त बसलं होतं.

ताट वाढून घेतलं नाही, ते खाणं मोजलंच जात नाही. म्हणून "काय खाता?" हा प्रश्न निरुपयोगी आहे.

पण खरी गाठ सुटली ती पिठापाशी. ज्वारीच्या पिठाचा डबा समोर ठेवून म्हटलं, "काकू, तुमच्या एका भाकरीला लागते तेवढं काढा." त्यांनी न बघता ओंजळ भरली, थोडं परत सांडलं, उरलेलं ताटलीत टाकलं. काट्यावर आलं ९० ग्रॅम. तक्त्यातली भाकर ५० ग्रॅम पिठाची. तीन भाकरींत १२० ग्रॅमचा फरक, म्हणजे सुमारे ४०० किलोकॅलरी. काकूंनी तीन भाकरी सांगितल्या, त्या तीनच होत्या. चूक तक्त्याची होती. कमी सांगण्याचा दोष निम्मा मोजणाऱ्याचा असतो, हे मी नव्याने या कामात येणाऱ्या प्रत्येकाला ठासून सांगते.

मग तेल. घरात माणसं चार, पाच लिटरचा डबा महिनाभर पुरतो. पाच लिटर तेल सुमारे साडेचार किलो भरतं. माणशी दिवसाला ३८ ग्रॅम, जवळपास ३४० किलोकॅलरी. काकूंनी सांगितलं होतं, "भाजीले एक पळी." तक्त्यात ती चमचा धरली गेली. घरची पळी मागवून पाण्याने भरली, सिरिंजने मोजली. ३० मिली. सगळं जोडलं तेव्हा बेरीज १९०० च्या आसपास आली, आणि न उतरणाऱ्या वजनाचा हिशेब जुळला.

घरी मोजायचं असेल तर डबा फोडल्याची तारीख त्यावरच लिहा; साखरेचंही तसंच. भाकरीचं पीठ कोरडं तोला, भिजवल्यावर पाण्याचं वजन मिसळतं. एका दिवसावरून ठरवू नका. एक साधा दिवस, एक बाजाराचा, एक उपवासाचा घ्या. वही ठेवायला सांगितली तर आठवणीची चूक टळते, पण लिहावं लागतं म्हणून माणूस कमी खातो, आणि ती वही नेहमीचं खाणं दाखवत नाही. सासू किंवा सून समोर असेल तर विचारूच नका. आणि शुगरच्या गोळ्या चालू असताना खाणं एकदम कमी केलं तर शुगर फार उतरू शकते. आधी डॉक्टरांना सांगायचं.

काकूंनी भाकरी तीनच ठेवल्या, पीठ ६० ग्रॅमवर आणलं, चहा दोनवर. तेलाचा पुढचा डबा ३९ दिवस पुरला. तारीख सुनेने लिहिली होती.