बोट दाखव, मग बोल

तुझा निरोप दोनदा वाचला. शेजारच्या गाईडनं वेरूळच्या कैलास लेण्यासमोर ‘हे एलियननी कोरलं’ अशी गोष्ट सुरू केली, तुझ्या ग्रुपमधली चार माणसं हळूच तिकडे सरकली आणि बक्षिशीही त्यालाच मिळाली. आता तू विचारतेस, आपणही थोडं तसं सांगावं का. नाही. बोट दाखवता येईल तेवढंच सांगायचं. पुढचं सगळं पत्र या एकाच वाक्याचं आहे. कंटाळा आला तर इथेच थांब.

एलियनवाल्याशी वाद घालून काही होत नाही. ग्रुपला अंगणाच्या कड्याजवळ ने. तिथे छिन्नीचे चरे अजून दिसतात. बोट दाखव (लावू नकोस, तू लावलंस की मागून वीस जण लावतात) आणि दहा सेकंद गप्प राहा. डोळ्यांना चरे सापडले की माणसं आपणहून विचारतात. मग सांग, की हा बेसॉल्ट वरून खाली कोरत आणला, त्यामुळे शिखरासाठी उंच परांची बांधावी लागली नाही.

टनांचा आकडा विचारतातच. पाठ केलेला फेकू नकोस, त्यांच्यासमोर गणित मांड. अंगण सुमारे ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद. मागचा कडा तीस मीटरच्या घरात, पुढे उंची कमी होत जाते, म्हणून सरासरी १८ धर. झाले ६८ हजार घनमीटर. बेसॉल्ट घनमीटरला साधारण २.८ टन. मधलं देऊळ वजा केलं की दीडएक लाख टन उरतात. हा अंदाज आहे, अंदाज म्हणूनच सांग. कुणी दोन लाख म्हणालं तर भांडू नकोस. खोली किती धरली तेवढं विचार.

‘हे घडवायला दीडशे वर्षं, सात पिढ्या लागल्या’ हे वाक्य मात्र टाकून दे. ते आमच्याच पिढीनं पेरलं. टाळ्या मिळायच्या, म्हणून कुणी तपासलं नाही. त्याच जमिनीत आज एलियन उगवलाय, तेव्हा त्या पोराला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. आम्हाला तेव्हा वाचायला काही मिळत नव्हतं, हेही खरं. पण तुला ती सबब नाही. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मुख्य देवळाचं काम एकाच राजाच्या, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं मानलं. लंकेश्वर लेणं आणि नदीदेवतांचं दालन थोडं नंतरचं. हे दोन्ही भाग अंगणात उभं राहून दाखवता येतात.

आश्चर्यच हवं असेल तर अस्सल आश्चर्य आहे की. बडोद्याला सापडलेल्या, नवव्या शतकाच्या सुरुवातीच्या ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे: विमानातून जाणारे देव थक्क होतात आणि घडवणारा कारागीरच म्हणतो, हे माझ्या हातून झालं तरी कसं! कोकास या कारागिराची आणि शिखर दिसेपर्यंत न जेवणाऱ्या राणीचीही कथा सांग, फक्त आधी ‘ही कथा आहे’ म्हण.

दक्षिण बाजूला रावण कैलास हलवतोय तिथे सगळे रावणाकडेच बघतात. तू वर, घाबरून पळणाऱ्या दासीकडे बोट दाखव. मग पार्वती शिवाला कशी बिलगलीये ते. रावणाचं जोर लावणं त्यांना शेवटी आपोआप कळतं.

आतल्या अंधाऱ्या दालनांत टॉर्च समोरून मारलास तर मूर्ती चपटी दिसते. एका बाजूनं तिरपा धर, लगेच गाल, बोटं, दागिने उठून येतात. रंगाचे अवशेष आहेत तिथे टॉर्च बंद. लेण्यांची तोंडं पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर ऊन आत शिरतं; हातात एकच तास असेल तर तो चारचा घे. १० नंबरच्या विश्वकर्मा लेण्यात कमानी छतामुळे आवाज घुमतो, मागच्यांना फक्त गुणगुण ऐकू येते. जे सांगायचं ते बाहेर सांग आणि आत माणसांना नुसतं बघू दे. चालताना बोलू नकोस. उन्हात तू उभी राहा, ग्रुप सावलीत. घसा बसला की आठवड्याची कमाई बसते, आणि एप्रिल-मेमध्ये ती तशीही रोडावते.

आता तुझी दुसरी तक्रार, सोयी नसल्याची. ती रास्त आहे. बायकांना वापरता येईल असं स्वच्छतागृह, बसायला सावली, ठरलेली पाळी, दराचा ठळक फलक, आजारपणाचा विमा, आणि कोणतं लेणं दुरुस्तीसाठी बंद आहे ते आदल्या दिवशी कळणं: यातली एकही मागणी चैनीची नाही. बंद दार गाईडला पर्यटकासोबतच दिसावं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण तिथेही बोट दाखव. ‘सोयी नाहीत’ असा अर्ज कुणी वाचत नाही. कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या लेण्यापाशी, किती माणसं अडकली ते महिनाभर वहीत टिप, चार गाईडांच्या सह्या घे आणि अर्ज देऊन पोच घे.

साडीच्या दुकानातल्या कमिशनबद्दल विचारलंस. घेतलंस की ग्रुपला लवकर तिकडे न्यायची घाई होते, आणि कापलं जातं ते ३२ नंबरचं लेणं, इंद्रसभा. तू ठरव. चिडून लिहितोय असं वाटेल. चिडलोच आहे, पण तुझ्यावर नाही.

मंगळवारी वेरूळ बंद. बुधवारी ग्रुप येण्याआधी एकटी ३० नंबरला, छोट्या कैलासाकडे जा. तिथलं काम अर्धवट राहिलंय. कुठे घडण पूर्ण झाली आणि कुठे खडक तसाच सोडला, ते वहीत रेखाट. पाणी बरोबर ने, त्या रस्त्याला सावली कमी आहे.